वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : २.७ किलोमीटरचं विमान

सोमवार : एडिंबरा ते कर्कवॉल

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा सत्तरेक बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वीसेक बेटांवरच माणसं राहतात. पुंजक्याच्या उत्तर कडेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटं शेजारीशेजारी आहेत. दोन्हींवर विमानतळ आहे आणि त्या दोन विमानतळांमधलं अंतर २.७ किलोमीटर आहे. त्यांच्यामध्ये १९६७ पासून वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी विमान चालतं. जगातलं सर्वांत कमी अंतराचं नियमित उड्डाण म्हणून त्याची नोंद आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली आहेत.

या दोन मिनिटांसाठी आम्ही निघालो होतो, मी आणि माझी मावशी. मावशीने उभी हयात भूगोल शिकवला. नकाशावरचं अंतर आणि माणसाला लागणारा वेळ यांचा मेळ कसा बसतो, हा तिचा जुना आवडता प्रश्न. प्रवासाला निघतानाच तिने एका वहीत चार रकाने आखले होते : सरळ रेषेतलं अंतर, वेळापत्रकातली वेळ, चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतची वेळ, आणि एका दारातून निघून दुसऱ्या दारात पोहोचेपर्यंतची वेळ. तिसरा रकाना भरण्यासाठी मनगटावर जुनं स्टॉपवॉच.

पहिली नोंद एडिंबरा ते कर्कवॉल अशी झाली. कर्कवॉल हे ऑर्कनीचं मुख्य गाव. ते ज्या बेटावर आहे त्याला तिथले लोक ‘मेनलँड’ म्हणतात. सरळ रेषेत सुमारे ३३६ किलोमीटर. पंख्याच्या एटीआर विमानाने वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास. हे विमान एकदा वर गेलं की तासाला पाचशे किलोमीटरच्या जवळपास जातं, म्हणजे अंतर भागिले वेग केलं तर चाळीस मिनिटंच यायला हवीत. उरलेला वेळ जातो तो धावपट्टीकडे सरकत जाण्यात, चढण्यात, उतरण्यात आणि उतरण्यासाठी योग्य दिशेला वळून येण्यात. मावशी म्हणाली, “हा जो उरलेला वेळ आहे ना, तो अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. त्याच्याकडे लक्ष ठेव.” पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच्याकडेच लक्ष ठेवून होतो.

कर्कवॉलचा विमानतळ १९४० साली लष्करी तळ म्हणून बांधला गेला. तेव्हा त्याचं नाव ग्रिमसेटर होतं. गावापासून तो चार-पाच किलोमीटर असेल. आम्ही ज्या उड्डाणासाठी आलो होतो त्याच्यापेक्षा जास्त अंतर आम्ही विमानतळावरून टॅक्सीने कापलं.

मंगळवार : कर्कवॉल

दिवस तयारीत गेला. ११३७ साली बांधायला घेतलेलं सेंट मॅग्नस कॅथीड्रल पाहिलं. लाल-पिवळ्या वालुकाश्मात उभारलेलं, थंडगार, भव्य. त्यावर लिहिण्यासारखं खूप आहे, पण या लेखाचा तो विषय नाही.

तयारी कसली, ते सांगायला हवं, कारण कोणी जाणार असेल तर त्याच्या उपयोगाचं आहे. ऑर्कनीच्या आतल्या बेटांना जोडणारी विमानं लोगनएअर चालवते. कर्कवॉलहून ईडे, स्ट्रॉन्से, सँडे, नॉर्थ रोनाल्डसे, वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी सहा बेटं त्यांत येतात. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, प्रवाशांच्या जागा आठ. एवढ्या जागांमध्ये बेटावरचे लोक, डॉक्टर, फिरते शिक्षक, दुरुस्तीला निघालेले कारागीर आणि आमच्यासारखे पाहुणे. त्यामुळे उन्हाळ्यात जागा आधीच धरून ठेवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक फेरीत विमान वेस्ट्रेवरून पापा वेस्ट्रेला जाईलच असं नाही. काही फेऱ्या कर्कवॉलहून वेस्ट्रे, मग पापा वेस्ट्रे आणि परत कर्कवॉल अशा असतात. काही उलट क्रमाने जातात, तर काही थेट एकाच बेटावर जाऊन येतात. आठवड्याच्या वाराप्रमाणेही वेळापत्रक बदलतं. तेव्हा ज्याला हे छोटं उड्डाण करायचं आहे त्याने फेरीचा क्रम बघूनच तिकीट काढावं.

संध्याकाळी खोलीत नकाशा पसरून मावशीने मला हिशेब समजावला. “बघ, कर्कवॉलपासून वेस्ट्रे ४४ किलोमीटर. कर्कवॉलपासून पापा वेस्ट्रेही तेवढंच. दोन बेटांना वेगवेगळं विमान पाठवलं तर जाऊन-येऊन १७६ किलोमीटर उडावं लागेल. एकाच फेरीत दोन्ही केलं तर ४४ अधिक पावणेतीन अधिक ४४, म्हणजे ९१.” निम्म्याच्या आसपास. एकदम लख्ख कळलं की हे जगातलं सर्वांत छोटं उड्डाण कोणी विक्रमासाठी आखलेलं नाही. पावणेतीन किलोमीटरसाठी कोण विमान उडवेल? ते लांबच्या फेरीची बचत करता करता आपोआप जन्मलेलं आहे. आठ जागांचं विमान दोन छोट्या वस्त्यांना पुरवायचं तर त्रिकोण काढावाच लागतो आणि त्या त्रिकोणाची एक बाजू इतकी आखूड निघाली.

हे अंतर मोजायची रीतही तिने दाखवली. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. विषुववृत्तावर तोही १११ किलोमीटर असतो, पण वेस्ट्रे आहे ५९ अंश २१ मिनिटं उत्तरेला, आणि तिथे तो जेमतेम ५७ किलोमीटर उरतो. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रेचे विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत आणि त्यांच्या रेखांशांत अंशाचा विसावा भाग एवढाच फरक आहे. सत्तावन्नचा विसावा भाग पावणेतीनच्या घरात येतो. विषुववृत्तावर रेखांशांत एवढाच फरक असता तर अंतर साडेपाच किलोमीटर भरलं असतं.

बाहेर रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि खिडकीतल्या उजेडात नकाशा वाचता येत होता. जूनमध्ये इथे रात्र अशी पुरती होतच नाही.

बुधवार : कर्कवॉल ते वेस्ट्रे

सकाळी विमानतळावर सामानाचं वजन झालं. लहान विमानात वजन कुठे बसतं याला फार महत्त्व असतं, त्यामुळे कोणी कुठे बसायचं हे सांगितलं जातं. चालत विमानापाशी गेलो. आयलंडरमध्ये मधून जायला वाट नाही. बाजूची दारं उघडतात, बाकासारख्या जोड-जागांवर थेट चढून बसायचं. वैमानिक एकच. त्याच्या शेजारची जागाही प्रवाशाला मिळू शकते आणि त्या दिवशी ती एका पोस्टमनसारखा गणवेश घातलेल्या माणसाला मिळाली. वैमानिकाने मान मागे वळवून, पट्टे कसे बांधायचे आणि दारं कशी उघडायची ते आम्हाला स्वतः सांगितलं.

या विमानाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जॉन ब्रिटन आणि डेझमंड नॉर्मन या दोघांनी ते आइल ऑफ वाइट या दुसऱ्या एका ब्रिटिश बेटावर घडवलं आणि १९६५ च्या जूनमध्ये ते पहिल्यांदा उडालं. उंचावर बसवलेला पंख, दोन साधी पिस्टन इंजिनं, प्रत्येकी २६० अश्वशक्तीची, आणि आत न घेता येणारी, बाहेरच राहणारी चाकं. वेग बेताचा, तासाला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पण आखूड, ओबडधोबड, गवताच्या पट्टीवरून ते उठतं आणि तशाच पट्टीवर उतरतं. दिवसातून पुनःपुन्हा चढ-उतार करणं हेच त्याचं काम. लांब अंतरासाठी बांधलेलं विमान इथे आणलं तर ते निरुपयोगी ठरेल.

इंजिनं सुरू झाल्यावर बोलणं बंद. गिरणीत उभं राहिल्यासारखा आवाज सगळ्या अंगात भरतो. कर्कवॉल मागे पडलं आणि खाली बेटांची रांग लागली. उंची इतकी कमी की शेतातल्या गाई मोजता येत होत्या. डावीकडे राउझे, मग एगल्से, मध्ये भरतीच्या प्रवाहांनी पाण्यावर उठवलेले पट्टे. वेस्ट्रेची दक्षिण बाजू आली तेव्हा मावशीने बोट दाखवलं. रॅपनेसचा धक्का. कर्कवॉलहून येणारी मोठी बोट तिथे लागते. त्या बोटीला सुमारे एक तास पंचवीस मिनिटं लागतात आणि रॅपनेसहून पिअरोवॉल हे मुख्य गाव आणखी दहा-अकरा किलोमीटर.

वेस्ट्रेचा विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला, एकरनेसला. एक आखूड डांबरी पट्टी पूर्व-पश्चिम, शिवाय इतर दिशांच्या पट्ट्या, एक छोटीशी इमारत आणि एक अग्निशामक गाडी. गाडीचे जवान म्हणजे बेटावरचेच लोक. विमान येण्याच्या वेळी शेतातून किंवा दुकानातून येतात, ते गेलं की परत कामाला. हे विमानतळ ऑर्कनीच्या परिषदेच्या ताब्यात आहेत.

वहीत नोंद : ४४ किलोमीटर, वेळापत्रकात १५ मिनिटं, हवेत १३. दारापासून दारापर्यंत दीड तासाहून थोडं जास्त. “बघितलंस? अंतर ३३६ वरून ४४ वर आलं, म्हणजे साडेसात पटींहून जास्त उतरलं. वेळापत्रकातली वेळ पाचव्या हिश्श्यावर आली. आणि दारातून दारात? तीन तास होते, दीड झाले.” मावशीचा चेहरा खुलला होता.

दुपारी पिअरोवॉलमधलं छोटं संग्रहालय पाहिलं. २००९ मध्ये इथल्या नॉल्टलंडच्या वाळूत उत्खनन करताना सापडलेली, चार सेंटिमीटर उंचीची, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी मूर्ती तिथे आहे. भुवया, डोळ्यांचे ठिपके, कोरलेला पोशाख. स्कॉटलंडमध्ये सापडलेली मानवी चेहऱ्याची ही सर्वांत जुनी प्रतिमा. जवळच नॉल्टलंडचा किल्ला, सोळाव्या शतकातला. भिंतीत बंदुकींसाठी ठेवलेली सत्तरेक भोकं पाहिली की बांधणाऱ्याला केवढी भीती असेल ते कळतं.

संध्याकाळी पूर्व किनाऱ्यावर कॅसल ओ’बुरियन या सुळक्यापाशी पफिन बघितले. जाड नारिंगी चोचीचे हे पक्षी कड्याच्या टोकावर उभे राहतात आणि पंख जोरजोरात हलवत समुद्रावर जातात. मावशी बराच वेळ तिथून हलली नाही.

गुरुवार : वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे

रात्रीतून वारा फिरला होता. काल नैर्ऋत्येचा होता, सकाळी उठलो तेव्हा पूर्वेकडून येत होता, बेताचा पण सतत. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी न्याहारी वाढताना बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, “आज तुम्हाला सरळ जाता येईल.”

त्याचा अर्थ विमानतळावर पोहोचेपर्यंत मावशीने मला उलगडून सांगितला. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उठतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं, म्हणजे पंखांवरून हवा वेगाने जाते आणि पट्टी कमी लागते. पापा वेस्ट्रे वेस्ट्रेच्या पूर्वेला आहे. वारा पश्चिमेचा असेल तर वैमानिकाला पापा वेस्ट्रेकडे पाठ करून उठावं लागतं, मग पूर्ण वळसा, मग पलीकडच्या पट्टीला ओलांडून पुढे जाऊन पुन्हा वळसा, मग उतरणं. अंतर तेच, २.७ किलोमीटर. पण उडायचं तिप्पट. वारा पूर्वेचा असेल तर नाकासमोर उठायचं आणि नाकासमोर उतरायचं. याच उड्डाणाचा विक्रम ५३ सेकंदांचा आहे. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाच्या नावावर तो आहे आणि त्यांनी हे उड्डाण बारा हजारांहून अधिक वेळा केलं. इतर विमानतळांमध्ये प्रवासाचा वेळ वाऱ्यामुळे सहसा असा दुप्पट-तिप्पट बदलत नाही. लांबच्या उड्डाणात एका वळशाची दोन मिनिटं विरून जातात. इथे दोन मिनिटं म्हणजे सगळाच प्रवास.

कर्कवॉलहून विमान आलं, चार माणसं उतरली, एक खोकं उतरलं. आत आधीच तीन प्रवासी होते, पापा वेस्ट्रेला जाणारे. आम्ही दोघी चढलो. माझ्या शेजारच्या आजोबांच्या मांडीवर रोपांचा ट्रे होता. वैमानिकाने मागे वळून सगळ्यांचे पट्टे बघितले आणि विमान पट्टीच्या पश्चिम टोकाकडे सरकायला लागलं. हे सरकणं उड्डाणापेक्षा जास्त वेळ चाललं. टोकाला जाऊन वळलं. मावशीचा अंगठा स्टॉपवॉचवर.

इंजिनांचा आवाज चढला, पट्टी अंगाखालून सुटली, आणि लगेच कुरण, कुंपणाची दगडी भिंत, खडक, पाणी. हिरवट, आतपर्यंत दिसणारं पाणी. खडकांवर सील पडलेले. उंची शे-दीडशे मीटर असेल, त्याहून जास्त नाही. मी समोर बघितलं तर काचेतून पापा वेस्ट्रेचा किनारा भरून आला होता. इंजिनांचा आवाज उतरला. पुन्हा खडक, पुन्हा भिंत, पुन्हा कुरण, आणि चाकं टेकली.

एक मिनिट चौदा सेकंद.

मावशीने वॉच माझ्यासमोर धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं ‘अंतर भागिले वेग’ तिला पहिल्यांदाच असं अखंड, एका नजरेत मावणारं अनुभवायला मिळालं होतं. चढण आणि उतरण यांच्यामध्ये सपाट उडणं असं उरलंच नव्हतं. एडिंबऱ्याहून येताना जो ‘उरलेला वेळ’ आम्ही वेगळा काढला होता, तोच इथे पूर्ण प्रवास होता.

एडिंबऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटरहून थोडी लांब आहे. दोन बेटांमधलं हे अंतर म्हणजे साधारण ती एक धावपट्टी. शेजारच्या आजोबांना आमचा उत्साह दिसला असावा. उतरताना ते म्हणाले, “वादळात बोट बंद असते तेव्हा या दोन मिनिटांची किंमत कळते.” त्यांचा मुलगा पिकअप घेऊन आला होता. रोपं मागे ठेवून ते दोघं निघून गेले.

बोटीचं सांगायचं तर पिअरोवॉल आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये प्रवासी बोट चालते, तिला पंचवीस मिनिटं लागतात. निवांत, स्वस्त आणि सुंदर. मात्र दक्षिण-पूर्वेचे वारे जोरात असले की ही अरुंद खाडी खवळते. हिवाळ्यात अंधार अठरा तासांचा असतो. मोठी बोट इथे आठवड्यातून मोजक्या वेळा येते. डॉक्टर तपासायला, शिक्षक शिकवायला, जनावरांचे वैद्य गाई बघायला येतात ते बहुतेक विमानाने. बेटावर ऐंशी-नव्वद माणसं आहेत. ती इथे टिकून राहिली, यात या विमानाचा वाटा मोठा आहे, असं तिथे ज्याच्या-त्याच्या बोलण्यात येतं, आणि मला ते पटलं.

आम्ही बेटावरच्या सहकारी संस्थेच्या घरात उतरलो. दुकान, वसतिगृह आणि पाहुण्यांच्या खोल्या, सगळं एकाच ठिकाणी. सामान टाकलं आणि चालत नॅप ऑफ हावरला गेलो. पश्चिम किनाऱ्यावर, गवतात रुतलेली दोन दगडी घरं, एकमेकांना आतून जोडलेली. इसवी सनापूर्वी ३७०० च्या सुमारास इथे शेतकरी कुटुंब राहत होतं. उत्तर युरोपात उभी असलेली दगडी घरं म्हणून यांच्याइतकी जुनी दुसरी नाहीत. वाकून आत शिरलो. दगडी फडताळं आहेत, धान्य दळायचा पाटा आहे, उंबरा आहे. दार पश्चिमेला उघडतं आणि समोर, खाडीपलीकडे, वेस्ट्रे. आम्ही सकाळी जिथून उठलो तो भाग तिथून दिसतो.

मी त्या उंबऱ्यावर बसले. या घरातल्या माणसाला पलीकडे जायचं असेल तर त्याने काय केलं असेल? होडी तर असणारच, कारण मेंढ्या आणि गाई इथे पोहत आलेल्या नाहीत. भरतीची वेळ बघितली असेल, वारा बघितला असेल, आणि दोन्ही जुळेपर्यंत थांबला असेल. आजचा वैमानिकही वारा बघूनच दिशा ठरवतो. साडेपाच हजारांहून अधिक वर्षांत या खाडीचा वेळ दोन मिनिटांवर आला, पण वाऱ्याला विचारल्याशिवाय ती अजूनही कोणाला ओलांडू देत नाही.

दुपारनंतर उत्तरेच्या नॉर्थ हिलवर गेलो. ही पक्ष्यांसाठी राखलेली माळरानाची जागा आहे. आर्क्टिक टर्न डोक्यावर झेप घालत होते. अंड्यांच्या दिवसांत ते कोणालाच जवळ येऊ देत नाहीत, म्हणून आखून दिलेल्या वाटेवरूनच जावं. हा मूठभर पक्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे आणि परत असा दर वर्षी प्रवास करतो. जगातलं सर्वांत आखूड उड्डाण जिथे उतरतं, तिथूनच प्राणिसृष्टीतला सर्वांत लांबचा प्रवास करणारा पक्षी निघतो. मावशीने वहीत त्याच्यासाठी वेगळं पान काढलं.

पूर्वेच्या कड्यापाशी एक छोटं स्मारक आहे. ग्रेट ऑक नावाचा मोठा, न उडणारा समुद्रपक्षी इथे होता. ऑर्कनीतला शेवटचा १८१३ साली याच बेटावर, संग्रहासाठी, मारला गेला. पुढच्या तीसेक वर्षांत आइसलंडजवळ ती जातच संपली. उडता येत नव्हतं म्हणून तो बेटाच्या कडेवर सापडला. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

शुक्रवार : पापा वेस्ट्रे ते कर्कवॉल

पहाटे खिडकीबाहेर काहीच नव्हतं. कुंपणाची भिंतसुद्धा दिसत नव्हती. याला इथे ‘हार’ म्हणतात. उन्हाळ्यात पूर्वेकडची उबदार, दमट हवा थंड उत्तर समुद्रावरून येते, गार पडते आणि धुकं होऊन बेटांवर चढते. म्हणजे काल ज्या पूर्वेच्या वाऱ्याने आमचं उड्डाण सरळ केलं, त्यानेच आज आकाश बंद केलं होतं.

अशा छोट्या विमानतळांवर वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. दिसली नाही तर विमान येत नाही. त्यात कोणाचा दोष नाही. सकाळचं विमान रद्द झालं. विमानतळावरच्या बाईंनी तसं सांगितलं आणि चहा दिला. तिथे आमच्यासोबत एक वयस्कर जोडपं होतं, त्यांना कर्कवॉलच्या इस्पितळात दुपारी पोहोचायचं होतं. शिवाय सुतारकाम आटपून परत निघालेला एक तरुण आणि शनिवार-रविवार बहिणीकडे काढायला निघालेल्या एक बाई. कोणी चिडलं नाही. तरुण म्हणाला, “दोन वाजेपर्यंत उठेल.” म्हातारबाबा म्हणाले, “तीन.” मग ते दोघं बराच वेळ वाऱ्याच्या दिशेवर बोलत राहिले.

थांबण्याच्या त्या काही तासांत मावशीने चौथा रकाना पुन्हा तपासला. तिचा हिशेब असा होता : कर्कवॉलला पोहोचायचं तर सरळ रेषेत ४४ किलोमीटर, हवेत तेरा-चौदा मिनिटं. पण आम्ही सकाळी साडेसातला दार ओढून घेतलं होतं. म्हणजे आजची दारापासून दारापर्यंतची वेळ एडिंबरा-कर्कवॉलपेक्षाही जास्त होणार, हे अकरा वाजताच नक्की झालं होतं. “दोन बेटांमधलं अंतर किती असं कोणी विचारलं,” ती म्हणाली, “तर मी आधी विचारीन, कुठल्या वाऱ्यात?”

तिने बाईंना आणखी एक प्रश्न विचारला, मलाही तो पडला होता : एवढ्या थोड्या अंतरासाठी विजेवर चालणारं विमान का नाही? त्यावर प्रयत्न झाले आहेत, असं कळलं. आयलंडरलाच हायड्रोजनवर चालणारी विद्युत इंजिनं बसवण्याचा एक प्रकल्प हाती घेतला गेला आणि त्याला फ्रेसन हे नाव दिलं गेलं. कॅप्टन टेड फ्रेसन यांनी १९३० च्या दशकात इथे विमानसेवा सुरू केली होती. इनव्हर्नेस ते कर्कवॉल ही ब्रिटनमधली साध्या टपालदरातली पहिली नियमित हवाई टपालसेवा २९ मे १९३४ रोजी त्यांनीच उडवली, आणि नंतर ऑर्कनीच्या बेटांवर, शेतकऱ्यांच्या सपाट कुरणांत, ते विमान उतरवत असत. बॅटरी आणि हायड्रोजनच्या टाक्या दोन्ही जड पडतात, त्यामुळे लांबच्या अंतराला अजून त्या झेपत नाहीत. पण इथलं अंतर आखूड आहे आणि वारा-लाटांपासून केलेली वीज ऑर्कनीत भरपूर आहे. नवी इंजिनं आधी कुठे कामाला लागावीत असं मला कोणी विचारलं तर मी इथलंच नाव घेईन.

अडीचच्या सुमारास भिंत दिसायला लागली, मग शेत, मग खाडी. पावणेतीनला इंजिनांचा आवाज आला. अग्निशामक गाडी पट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली. कर्कवॉलहून आलेल्या विमानातून शाळेतल्या एक बाई उतरल्या, दोन टपालपिशव्या उतरल्या. आधी इस्पितळाला निघालेल्या जोडप्याला चढवलं, मग आम्हाला. ही फेरी वेस्ट्रेला न थांबता थेट जाणार होती.

विमान पूर्वेकडे उठलं, वळलं, आणि दक्षिणेला निघालं. डावीकडे धुक्याची भिंत समुद्रावर मागे सरकून उभी होती, उजवीकडे वेस्ट्रे लख्ख उन्हात. मध्ये कालची खाडी, बोट पिअरोवॉलकडे परत चाललेली. हवेत १४ मिनिटं. मावशीने ती नोंद केली, दारापासून दारापर्यंतचा आकडा खोलीत पोहोचल्यावर भरायला मोकळा ठेवला, आणि पान उलटून नवी ओळ लिहिली : कर्कवॉल ते नॉर्थ रोनाल्डसे, ५३ किलोमीटर. कर्कवॉलला उतरल्या उतरल्या ती सामान माझ्याकडे देऊन तिकिटांच्या खिडकीपाशी गेली आणि सोमवारच्या सकाळच्या फेरीत दोन जागा आहेत का, ते विचारू लागली.